टक्केवारीत भोक दिसत नाही

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या विज्ञान पुरवणीत धातूंच्या गंजण्यावर आलेला लेख वाचला. विषय घेतलात याबद्दल आधी आभार. गंजावर सहसा कोणी लिहीत नाही. एखादी टाकी फुटली की दोन दिवस बोलबाला होतो आणि मग सगळे विसरतात. लेखातला लोखंडाचा भाग चांगला उतरला आहे. ॲल्युमिनियमच्या भागात मात्र दोन विधाने अशी आहेत की लिहिल्यावाचून राहवले नाही. पहिले : ‘ॲल्युमिनियमवर ऑक्साइडचा थर चढवला की ते गंजत नाही.’ दुसरे : ‘द्रावणात योग्य गंजरोधक मिसळल्यास ९५ टक्क्यांहून अधिक संरक्षण मिळते.’ पहिले अर्धवट खरे आहे. दुसरे खरे असूनही वाचकाच्या काही कामाचे नाही, आणि माझी मुख्य तक्रार त्याच्याबद्दलच आहे.

माझी सारी नोकरी विद्युतरसायनाच्या प्रयोगशाळेत तंत्रज्ञ म्हणून गेली. संशोधन करणारे वेगळे, प्रबंध त्यांचे. नमुने घासणे, धुणे, इलेक्ट्रोड सांभाळणे आणि यंत्रापुढे बसून राहणे हे काम माझे. त्यामुळे हा ‘९५ टक्के’ कुठून येतो हे मी अगदी जवळून पाहिले आहे.

आधी थराबद्दल. ॲल्युमिनियम कापले की उघड्या पडलेल्या धातूवर हवेतल्या ऑक्सिजनने क्षणात ऑक्साइड धरतो. हा नैसर्गिक थर जेमतेम काही नॅनोमीटरचा असतो. तो पुरत नाही म्हणून ॲनोडायझिंग करतात. धातूला गंधकाम्लाच्या बाथमध्ये धन टोक करून वीज सोडायची. आम्ल साधारण १५ ते २० टक्के, तापमान २० अंशांच्या आसपास, दाब १२ ते २० व्होल्ट. अर्ध्या-पाऊण तासात १० ते २५ मायक्रॉनचा थर वाढतो. रंगासारखा तो वरून बसत नाही, धातूच ऑक्साइड होत जातो, म्हणून त्याचे पापुद्रे निघत नाहीत. हे सगळे आपल्या लेखात आहे आणि बरोबर आहे.

लेखात नसलेली गोष्ट अशी की हा थर सलग नसतो. तो मधाच्या पोळ्यासारखा असतो : षटकोनी कोठ्या, प्रत्येकीच्या मध्यातून खाली उतरणारे एक छिद्र, आणि एका चौरस सेंटिमीटरवर अशी अब्जावधी छिद्रे. छिद्राच्या तळाशी तेवढा एक भरीव पडदा असतो, त्याला बॅरिअर लेयर म्हणतात. त्याची जाडी व्होल्टामागे साधारण एक नॅनोमीटर, म्हणजे १५ व्होल्टांना १५-२० नॅनोमीटर. वरचे २० मायक्रॉन ओरखडे झेलायला उपयोगी, पण मिठाचे पाणी आणि धातू यांच्यामध्ये खऱ्या अर्थाने उभा असतो तो हा तळाचा पडदा. म्हणून बाथमधून काढलेला भाग उकळत्या शुद्ध पाण्यात सील करतात, म्हणजे छिद्रे बुजवतात. ऑक्साइड पाणी धरून फुगतो, बोहमाइट नावाचा पाणीदार ऑक्साइड तयार होतो आणि छिद्रांची तोंडे मिटतात. मायक्रॉनमागे दोन-तीन मिनिटे असा हिशेब असतो. घाईच्या दिवशी हीच मिनिटे कापली जातात आणि बाहेरून पाहणाऱ्याला काही कळत नाही. नीट सील न झालेल्या थरावर रंगाचा थेंब टाकून पुसला की डाग राहतो. तो पुसला जाईपर्यंत मी तरी कुठल्याच नमुन्यावर विश्वास ठेवत नसे.

सील केलेला थरसुद्धा अजिंक्य नसतो. ॲल्युमिनियमचा ऑक्साइड आम्लात विरघळतो आणि अल्कलीतही. पीएच साधारण ४ ते ८.५ या पट्ट्यात तो सुखाने राहतो, बाहेर गेला की झिजू लागतो. ॲनोडाइझ केलेल्या चौकटीवर ओला चुना किंवा सिमेंट सांडून वाळले तर खाली पांढरट डाग कायमचा उरतो, तो याच कारणाने. पीएच ठीक असला तरी क्लोराइड असतेच. ते सगळीकडून सारखे खात नाही, दुबळी जागा शोधते. दुबळ्या जागा मिश्रधातूत आधीपासूनच असतात. २०२४ या विमानी मिश्रधातूत चार-साडेचार टक्के तांबे असते. त्याचे काही बारीक कण थरात अडकतात, त्या ठिकाणी ऑक्साइड पातळ आणि वेडावाकडा वाढतो. क्लोराइड तिथून आत शिरते आणि खड्डा पडतो. खड्ड्याच्या आत ॲल्युमिनियमचे आयन पाण्याशी प्रक्रिया करून आम्ल तयार करतात, त्या आम्लात नवा ऑक्साइड टिकत नाही, आणि वरचा पृष्ठभाग लखलखीत असताना खाली भोक खोल होत जाते.

आता गंजरोधक आणि त्याची टक्केवारी.

मोजमाप कसे होते ते सांगते. पट्टीचा तुकडा घ्यायचा, एक चौरस सेंटिमीटर उघडा ठेवून बाकीचा लाखेने किंवा इपॉक्सीने झाकायचा. कडा सर्वांत आधी झाकायच्या, कारण कापलेल्या कडेला थरच नसतो आणि सगळा प्रवाह तिथूनच वाहतो. मागच्या बाजूला तार जोडायची असेल तर थर खरवडून धातू उघडा करावा लागतो. ऑक्साइड विजेला अडवतो, त्यामुळे वरवर क्लिप लावली तर यंत्राला जोडणीच मिळत नाही. नवीन विद्यार्थी सुंदर, सपाट, शून्याला चिकटलेला आलेख घेऊन ‘मॅडम, शंभर टक्के संरक्षण!’ म्हणत यायचे तेव्हा मी आधी क्लिप पाहायची. मग ३.५ टक्के मिठाचे पाणी, प्लॅटिनमचा एक इलेक्ट्रोड, संदर्भासाठी कॅलोमेल इलेक्ट्रोड, आणि विभव स्थिर होण्याची वाट. ॲनोडाइझ केलेल्या नमुन्याला ही स्थिरता लवकर येत नाही. पाणी छिद्रांत मुरत असते आणि आकडा सरकत राहतो.

त्यानंतर पोटेन्शिओस्टॅटने, म्हणजे विभव हवे तिथे धरून ठेवणाऱ्या यंत्राने, विभव हळूहळू ढकलत प्रवाह मोजायचा, आलेख लॉगरिथमच्या पट्टीवर काढायचा आणि त्याच्या दोन्ही बाजूंचे सरळ भाग मागे वाढवून छेदबिंदू शोधायचा. तो गंजण्याचा प्रवाह. गंजरोधकाशिवायचा प्रवाह आणि गंजरोधकासहचा प्रवाह यांची वजाबाकी, तिला पहिल्याने भागायचे, शंभराने गुणायचे. झाली टक्केवारी. अडचण अशी की ॲल्युमिनियमला ऋण बाजूला बऱ्यापैकी सरळ भाग मिळतो, धन बाजूला मात्र थर अडवून धरतो आणि मग एकदम खड्डे फुटतात. सरळ रेषा असतेच कुठे? पट्टी कुठे टेकवता त्यावर उत्तर बदलते. शिवाय धातूवर चांगला थर असला की मुळातला प्रवाहच नॅनोअँपिअरमध्ये असतो. शेजारच्या टेबलावरचा पंखा बंद केला तरी आकडा हलतो. अशा दोन अतिलहान आकड्यांच्या भागाकारातून ‘९५.३ टक्के’ निघाले आणि दशांश चिन्हापुढचा ३ सुद्धा छापला गेला की मला हसू येते.

पण खरी गफलत याहून मोठी आहे. हा प्रवाह अख्ख्या पृष्ठभागाची सरासरी असतो. ॲल्युमिनियमसाठी फॅरडेच्या नियमाने हिशेब केला तर चौरस सेंटिमीटरला एक मायक्रोअँपिअर म्हणजे वर्षाला सुमारे ११ मायक्रॉन झीज. समजा, गंजरोधक घातल्यावर प्रवाह ०.१ मायक्रोअँपिअरवर आला. म्हणजे वर्षाला एक मायक्रॉन. कोणीही म्हणेल, उत्तम. पण तोच प्रवाह संपूर्ण पृष्ठभागातून न येता ०.०१ चौरस मिलिमीटर तोंडाच्या एकाच खड्ड्यातून येत असेल तर? क्षेत्र दहा हजार पटींनी लहान, म्हणून खोली वाढण्याचा वेग दहा हजार पट. वर्षाला ११ मिलिमीटर. एक मिलिमीटरचा पत्रा महिनाभरात आरपार. प्रत्यक्षात बहुतेक खड्डे पुढे मंदावतात किंवा बुजतात, त्यामुळे इतके टोक क्वचितच गाठले जाते. तरीही दोन्ही पट्ट्यांची टक्केवारी एकच येईल, आणि त्यांतल्या एकीतून पाणी गळत असेल.

काही गंजरोधक तर हा धोका वाढवतात. धन बाजू अडवणारा पदार्थ पुरेसा असेल तर सगळ्या दुबळ्या जागा झाकतो. कमी पडला तर बहुतेक झाकतो आणि दोन-चार उघड्या ठेवतो, मग सगळा हल्ला त्या दोन-चारांवर. एकूण प्रवाह खाली आलेला दिसतो, टक्केवारी खुशाल ८० दाखवते आणि भोक मात्र गंजरोधक न घातलेल्या नमुन्यापेक्षा लवकर पडते. क्रोमेट आणि नायट्राइट या जुन्या गंजरोधकांच्या बाबतीत ही गोष्ट जुन्या लोकांना तोंडपाठ असायची. आता ती कोणी सांगत नाही.

आणखी एक. वनस्पतींच्या अर्कांवरचे निष्कर्ष वर्तमानपत्रांना फार आवडतात; मी समजू शकते, पान, साल, बी आणि विज्ञान एकत्र आले की मथळा तयार. पण अशा पुष्कळ चाचण्या उघड्या, घासलेल्या ॲल्युमिनियमवर, हायड्रोक्लोरिक आम्लात आणि काही तासांपुरत्या असतात. त्या आम्लात ऑक्साइड विरघळून जातो, धातू बुडबुडे सोडत सरसर झिजतो, आणि पृष्ठभागाला चिकटणारा जवळजवळ कुठलाही सेंद्रिय पदार्थ त्या धुमश्चक्रीत मोठी टक्केवारी मिळवून जातो. आम्लाने धातू साफ करणाऱ्याला त्याचा उपयोग आहे, जरूर आहे. समुद्राच्या हवेत वर्षानुवर्षे उभ्या राहणाऱ्या ॲनोडाइझ केलेल्या चौकटीबद्दल त्यातून काहीही कळत नाही.

मग मोजायचे तरी कसे? माझ्या मते उत्तर इम्पीडन्समध्ये, म्हणजे प्रत्यावर्ती विजेला नमुना किती अडवतो ते मोजण्यात आहे. नमुन्याला ओरबाडायचे नाही. दहा मिलिव्होल्टची लहानशी प्रत्यावर्ती लाट द्यायची आणि तिची वारंवारता लाखभर हर्ट्झपासून हर्ट्झच्या शतांशापर्यंत उतरवत न्यायची. वेगवान लाटा वरच्या सच्छिद्र भागाबद्दल सांगतात, संथ लाटा तळाच्या पडद्यापर्यंत पोहोचतात. सील न केलेल्या थराची छिद्रे खाऱ्या पाण्याने भरलेली असतात, त्यामुळे वरचे वीस मायक्रॉन विजेला जणू दिसतच नाहीत, फक्त तळाचा पडदा दिसतो. सील झालेल्या थरात वरचा भाग आलेखावर वेगळा उमटतो. एकाच मोजणीत थर धड आहे की नाही आणि कुठे धड नाही, दोन्ही कळते. यात घाई चालत नाही. हर्ट्झच्या शतांशावर एका लाटेला शंभर सेकंद लागतात, सहस्रांशावर जवळजवळ सतरा मिनिटे, आणि तेवढ्यात कोणी दार आपटले तर तो बिंदू वाया. पण नमुना शाबूत राहतो. तोच नमुना उद्या, पुढच्या आठवड्यात, दोन महिन्यांनी पुन्हा मोजता येतो. यातच सगळे आले. पहिल्या दिवशी गंजरोधक असलेला आणि नसलेला असे दोन्ही सील केलेले नमुने जवळजवळ सारखेच दिसतात. फरक नंतर पडतो : एकाचा संथ टोकाचा रोध टिकून राहतो, दुसऱ्याचा एके दिवशी एकदम घसरतो. डोळ्यांना खड्डा दिसण्याच्या आधीच पुष्कळदा हे आलेखावर उमटलेले असते.

गंजरोधकाची खरी परीक्षा तर थर फुटल्यावर सुरू होते. क्रोमेटची एवढी ख्याती होती ती यामुळे. १९२३ साली ब्रिटनमध्ये बेंगफ आणि स्टुअर्ट यांनी क्रोमिक आम्लातल्या ॲनोडायझिंगचे पेटंट घेतले ते समुद्री विमानांच्या ड्युरॅल्युमिनच्या (तांबे मिसळलेल्या ॲल्युमिनियमच्या) भागांसाठी. गंधकाम्लाची पद्धत त्यानंतर चार वर्षांनी आली, स्वस्त पडली आणि बहुतेक ठिकाणी रुळली. विमानांच्या रिव्हेट मारलेल्या जोडांत मात्र क्रोमिक आम्लच चालू राहिले. जोडाच्या फटीत बाथचे चार थेंब अडकून राहतातच. गंधकाम्ल असेल तर ते आतून खाते, क्रोमिक आम्ल असेल तर उलट राखण करते. पुढे थराची छिद्रे डायक्रोमेटच्या द्रावणात सील करू लागले. ओरखडा पडला की आसपासच्या छिद्रांतले क्रोमेट ओलाव्यातून तिथे पोहोचते, स्वतः क्षपण पावून क्रोमियमचा ऑक्साइड होते आणि जखम भरते. दुर्दैवाने सहा संयुजेचे क्रोमियम कर्करोगकारक आहे; आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९९० मध्ये तशी नोंद केली, आणि युरोपीय संघात आता विशेष परवान्याखेरीज ते वापरता येत नाही. त्या पिवळ्या द्रावणाचा हात लागलेल्या माणसांची सोललेली बोटे मी पाहिली आहेत. ते जाते आहे याचे मला मुळीच दुःख नाही.

त्याच्या जागी काय येणार, यावर आपल्या लेखात एकच ओळ आहे, आणि इथेच विषय सर्वांत रंगतदार होतो. सेरियम या धातूचे उदाहरण घ्या. ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी १९८० च्या दशकात त्याचे क्षार पुढे आणले. मिठाच्या पाण्यात तांबेवाल्या मिश्रधातूचे विभव अगदी खड्डे फुटण्याच्या उंबरठ्यावर असते. ते तिथे रेटून धरतो तांब्याच्या कणांवर चालणारा ऑक्सिजनचा खेळ. या कणांवर पाणी अल्कलीयुक्त होते आणि नेमके तिथेच सेरियमचे हायड्रॉक्साइड साका धरून बसते. कण झाकला गेला, ऑक्सिजनची वाट बंद झाली, विभव उंबरठ्यापासून खाली आले. खड्डा पडण्याची परिस्थितीच उरत नाही. प्रवाह किती टक्के घटला यापेक्षा विभव आणि खड्ड्यांचा उंबरठा यांत किती मिलिव्होल्टचे अंतर पडले, हा आकडा मला अधिक बोलका वाटतो. आणि तो त्याच आलेखावर असतो, फक्त कोणी मथळ्यात घेत नाही.

गाड्यांच्या रेडिएटरमधली गोष्टही अशीच तिरकी आहे. तिथल्या द्रावणात बेंझोट्रायझोल घालतात ते मुख्यतः तांबे आणि पितळ वाचवण्यासाठी. पण तांबे वाचले की तांब्याचे आयन द्रावणात येत नाहीत, ते ॲल्युमिनियमवर जाऊन बसत नाहीत, आणि ॲल्युमिनियमला खड्डे पडत नाहीत. नुसत्या ॲल्युमिनियमची पट्टी शुद्ध द्रावणात बुडवून या पदार्थाची टक्केवारी काढणाऱ्याच्या हाती यातले काय लागणार?

तेव्हा विनंती एवढीच : यापुढे गंजरोधकाची टक्केवारी छापताना द्रावण कोणते, नमुना किती वेळ बुडवला होता, थर सील केलेला होता का आणि ओरखडा मारून पाहिले होते का, हे संशोधकाला विचारावे. एका वाक्यात मावते. उत्तर मिळाले नाही, तर तेही छापावे. माझ्या अनुभवात चांगले संशोधक या प्रश्नांवर खुलतात आणि तासभर फोन ठेवत नाहीत.

कळावे,
आपली एक जुनी वाचक
(निवृत्त तंत्रज्ञ, विद्युतरसायन प्रयोगशाळा)

ता. क. : लेखाच्या चौकटीत थराची जाडी ‘२० मिलिमीटर’ अशी छापली आहे. ती २० मायक्रॉन हवी. तेवढी दुरुस्ती पुढच्या अंकात द्यावी, कारण शाळकरी मुले ही कात्रणे वहीत चिकटवतात.